पिंक फ्लॉइड : शब्द कीं नाद?

इंग्लंडांतील 'पिंक फ्लॉइड' ह्या रॉक वाद्यवृंदाच्या चाहत्यांत दोन तट आहेत. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' ह्या ध्वनिमुद्रिकेविषयीं फारसा तंटा नाहीं; भांडण जुंपतें तें पुढच्यांवरून. रॉजर वॉटर्स ह्यांच्या शब्दांवर लुब्ध असलेल्यांना १९८३ ची 'द फायनल कट' श्रेष्ठ वाटते. १९४४ मध्यें आंझिओच्या रणांगणावर पडलेल्या पित्याचा शोक तींत आहे, आणि तो खरा आहे. प्रतिपक्ष विचारतो, तींत वृंद उरला कुठें? वेष्टनावर कर्ते म्हणून एकटे वॉटर्स. बाकीचे केवळ वाजविणारे! रिचर्ड राइट तर मुळींच नाहींत.

हा आक्षेप कानाला पटतो. १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'चा आरंभ श्रोत्यांनीं आठवावा : डेव्हिड गिल्मर ह्यांची गिटार उठण्यापूर्वींच राइट ह्यांचे दीर्घ स्वर आभाळासारखे पसरतात. वॉटर्स १९८५ मध्यें बाहेर पडले. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'मध्यें ते स्वर पुन्हा ऐकूं येतात, शब्द मात्र बोथट. ड्रमवादक निक मेसन ह्यांच्यासह चौघांनीं २ जुलै २००५ रोजीं लंडनच्या हाइड पार्कांत अखेरचें एकत्र वादन केलें. २००८ मध्यें राइट निवर्तले, आणि चौघांच्या नव्या मुद्रिकेची आशाहि मावळली.