साइटवरचा नियम खोलीवरही पाळा: तापणारा हीटर आणि आपण

(कुवेतमध्ये शुक्रवारच्या बैठकीत कामगार मित्रांसमोर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्यांना ड्यूटीमुळे येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहे.)



मी सिव्हिल डिप्लोमावाला, साइटवर सुपरवायझर. इलेक्ट्रिशियन नाही. त्यामुळे हीटर उघडून दुरुस्त कसा करायचा, हे मी सांगणार नाही. हीटर जास्त तापायला लागला तर आपण काय तपासायचं आणि कुठे हात मागे घ्यायचा, एवढंच सांगतो.

इथे जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. खोलीत सहा-आठ माणसं, एक हीटर, एक केटली, प्रत्येकाचा चार्जर आणि भिंतीत सॉकेट दोनच. मग एका एक्स्टेन्शनवर सगळा संसार. १२ जून २०२४ च्या पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात आपले ४५ भारतीय गेले. अग्निशमन दलाच्या तपासात तळमजल्यावरच्या वॉचमनच्या खोलीतलं शॉर्ट सर्किट हे कारण निघालं. बहुतेक जण धुराने गुदमरून गेले. तेव्हा हा विषय लहान समजू नका.

आता साधा हिशेब बघा. इथे वीज २४० व्होल्टची. २००० वॅटचा हीटर साधारण ८ अँपिअर ओढतो. २२०० वॅटची केटली ९ च्या वर. दोन्ही एका एक्स्टेन्शनवर लावले की झाले १७. आणि एक्स्टेन्शन असतं १३ अँपिअरचं. तुम्ही म्हणाल, मग फ्यूज उडेल की! पण थोड्या जास्त लोडला फ्यूज लगेच उडत नाही, बराच वेळ तग धरतो. तेवढ्या वेळात पिन, वायर आणि सॉकेट आतून भाजत राहतात.

आपण स्वतः काय तपासायचं

आधी स्विच बंद, पिन बाहेर, हीटर थंड होऊ द्या. मग:

१. हीटरला हवा मिळते का? पलंग, पडदा, भिंत यांपासून किमान तीन फूट लांब ठेवा. त्याच्यावर ओले मोजे, टॉवेल वाळत घालू नका. पंख्याचा हीटर असेल तर जाळीत धूळ साचते. हवा अडली की उष्णता आतच कोंडते.

२. हीटर आपोआप बंद पडतो का? तो बिघडला असंच नाही. जास्त तापल्यावर बंद करणारं कट-आउट आत असतं, ते आपल्याला वाचवतं. जाळी बाहेरून पुसा, अर्धा तास थांबा, एकदाच लावून बघा. पुन्हा बंद पडला तर विषय संपला, तो हीटर वापरायचा नाही.

३. पिन आणि सॉकेट बघा. पिन कोमट लागणं वेगळं आणि हात ठेवता न येणं वेगळं. पिवळा-काळा डाग, वितळलेलं प्लास्टिक, ढिला सॉकेट दिसला की तो बंद. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शनवर नाही.

४. गावाकडून आणलेली दोन पिनांची वस्तू वरच्या भोकात पेन किंवा काडी खुपसून बसवतात, ते आजपासून बंद करा. त्यात अर्थिंग नसतं आणि पिन ढिली राहते. ढिल्या पिनेत ठिणगी पडते.

हंगामात पहिल्यांदा हीटर लावला की धूळ जळल्याचा वास येतो, थोड्या वेळात जातो. पण प्लास्टिकचा किंवा मासळी जळल्यासारखा वास आला तर लगेच बंद करा.

इथून पुढे आपलं काम नाही

एमसीबी एकदा पडला तर लोड कमी करून चढवा. दुसऱ्यांदा पडला तर चढवू नका. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद कधीच नाही. बॉडीला शॉक लागतो, सॉकेटमधून चरचर आवाज येतो, खोलीतले दिवे मिणमिणतात: अशा वेळी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच लागतो. गिझरचंही तसंच. नळातून वाफ आली, टाकीतून उकळल्याचा आवाज आला, तर स्विच बंद करा आणि गरम नळ सोडू नका. गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून त्याला बूच मारू नका. तो बंद केला तर टाकी फुटू शकते.

आपल्यात एक सवय आहे. खोलीत कोणी इलेक्ट्रिकल हेल्पर असला की, "भाऊ, तू बघ ना जरा." साइटवर याच भाऊला परमिटशिवाय आणि लॉक लावल्याशिवाय बोर्डाला हात लावू देत नाहीत. मग रात्री दहाला, दमलेला असताना, अंधारात त्याने खोलीतला बोर्ड का उघडायचा? त्याला काही झालं तर त्याच्या घरी कोण उत्तर देणार?

हीटर काढला म्हणून कोळशाची शेगडीही खोलीत आणू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

आग लागलीच तर विजेवर पाणी टाकू नका. सगळ्यांना उठवा, बाहेर पडा, दार ओढून घ्या, ११२ लावा. पासपोर्ट, पैसे घ्यायला परत फिरू नका.

तक्रार कशी करायची

खोली कंपनीने दिली असेल तर तिची वायरिंग नीट ठेवणं कंपनीचं काम आहे. तोंडी सांगून सोडून देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: तारीख, कॅम्प आणि खोली नंबर, काय झालं, जळलेल्या पिनेचा फोटो, आणि "आम्ही वापर बंद केला आहे". कॅम्प बॉस, फोरमन आणि सेफ्टी ऑफिसर, तिघांनाही पाठवा. मी स्वतः सुपरवायझर आहे म्हणून सांगतो, तोंडी तक्रार वरपर्यंत पोचत नाही. लेखी आली की मलाही ती पुढे ढकलता येते आणि नंतर कोणी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणू शकत नाही.

नोकरीची भीती वाटते, मला कळतं. कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्यानुसार, माणसाने आपला हक्क मागितला म्हणून त्याला कामावरून काढता येत नाही. तरी एकट्याने पुढे होऊ नका. खोलीतल्या सगळ्यांची नावं एका मेसेजमध्ये घाला. आठ जणांना काढणं सोपं नसतं. उत्तर नाही आलं तर पब्लिक अथॉरिटी फॉर मॅनपॉवर, म्हणजे आपल्या तोंडी असलेलं "शून", तिथे तक्रार करता येते. भारतीय दूतावास आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर मोबाईलवरूनही तक्रार नोंदवता येते.

आज खोलीवर गेल्यावर एकच काम करा. झोपायच्या आधी प्रत्येक पिन बघा, आणि काळी पडलेली दिसली तर फोटो काढून आजच पाठवा.

आता प्रश्न विचारा.