शोधणाऱ्याला आपलं पान सापडलं पाहिजे

(कोलकात्यातल्या बेहाला इथं मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या छोट्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचं वळण तसंच ठेवलं आहे.)



आज आपण बेहाल्यात बसलो आहोत, तर सुरुवात याच नावापासून करू. बांगलात ‘बेहाला’ म्हणजे डायमंड हार्बर रोडवरचा हा भाग, आणि ‘बेहाला’ म्हणजे व्हायोलिनसुद्धा. आता कुणी मोबाईलवर बांगलात ‘बेहाला क्लास’ असं टाइप केलं, तर त्याला व्हायोलिन शिकायचंय की चौरस्त्याजवळ दहावीची शिकवणी हवीय? गुगलला मनातलं कळत नाही. शोधणारा कुठं आहे, आधी असं शोधणाऱ्यांनी काय उघडलं आणि पानांवर काय लिहिलंय, यावरून ते अंदाज बांधतं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत, तिसरी आहे. शिकवणीच्या पानावर ‘बेहाला चौरस्ता, आठवी ते दहावी, गणित आणि विज्ञान, वेळ अमुक, फी तमुक’ असं साध्या अक्षरांत असेल, तर ते योग्य माणसापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. नुसतं ‘ज्ञानाचं उत्कृष्ट दालन’ लिहिलं असेल, तर ते कुणालाच सापडत नाही.

ज्याला सगळे एसईओ म्हणतात, त्याचा पाया एवढाच आहे. शोधणाऱ्याच्या मनातला प्रश्न आणि तुमच्या पानावरचं उत्तर यांची गाठ पडायला हवी.

हा विषय आपल्यासाठी महत्त्वाचा का, ते सांगतो. परभणीच्या एखाद्या वसतिगृहातली मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरातली पहिली पदवीधर. तिला परदेशी शिकायला जायचंय. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिच्यासाठीच आहे, पण घरात विचारायला कुणी नाही. वरच्या जातींतल्या मुलांना अशा वेळी काका असतो, मावशी असते, वडिलांचे मित्र असतात. आपल्या मुलीला गुगल असतं. ती शोधते तेव्हा सगळ्यात वर जाहिराती येतात. त्याखाली फी घेऊन अर्ज भरून देणाऱ्यांची पानं, त्याखाली गेल्या वर्षीच्या तारखा असलेल्या बातम्या. शासनाची मूळ जाहिरात असते, पण बरेचदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, कुठंतरी खाली. ती तिथं पोचेपर्यंत मुदत संपलेली असू शकते. पहिल्या पानावर कोण आहे यावर एका मुलीचं वर्ष अवलंबून असतं.

आता आपल्या घराकडे बघू. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळाने अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. बाबासाहेब जिथं शिकले त्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक फ्रान्सिस प्रिचेट यांनी हा ग्रंथ वेबवर मांडला आहे. मजकूर टाइप केलेला, प्रकरणं वेगळी, परिच्छेदांना क्रमांक, अवघड संदर्भांना टिपा. त्यातलं एखादं वाक्य शोधलं तर थेट त्या प्रकरणापर्यंत जाता येतं. दुसरीकडे महाराष्ट्र शासनाचे खंड आहेत. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला, त्यामागे वसंत मून यांचे अफाट कष्ट होते. ते खंड आज पीडीएफ रूपात फुकट मिळतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण शेकडो पानांची पीडीएफ म्हणजे कपाटातला जाडजूड ग्रंथ. त्यातलं नेमकं पान नवख्या वाचकाच्या हाती लागत नाही. आणि स्कॅन म्हणजे तर अक्षरांचा फोटो. मशीन त्यातली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतं, पण जुन्या मराठी छपाईत जोडाक्षरांवर अडखळतं. मजकूर तोच असला तरी मांडणी बदलली की सापडणं बदलतं.

मराठीची आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे प्रत्येक डीटीपीवाल्याचा फॉन्ट वेगळा होता. त्या फायलींमध्ये डोळ्यांना ‘समता’ दिसतं, पण आत भलतीच चिन्हं साठवलेली असतात. चळवळीतल्या कितीतरी स्मरणिका आणि मासिकं अशा फायलींमध्ये पडून आहेत. कन्व्हर्टर वापरून ती युनिकोडमध्ये आणायची, मग माणसाने बसून तपासायची. हे कंटाळवाणं काम आहे, पण यातूनच ती शोधात येतील.

आता शब्द. कार्यालय लिहितं ‘जात प्रमाणपत्र पडताळणी’. आपली पोरं शोधतात ‘कास्ट व्हॅलिडिटी’. कुणी नुसतंच ‘व्हॅलिडिटीला काय कागद लागतात’ असं बोलून विचारतं. पान लिहिताना दोन्ही शब्द घ्या. शीर्षकात लोकांचा शब्द, पहिल्या परिच्छेदात कार्यालयाचा. हिंदीत ‘अंबेडकर’ लिहितात, मराठीत ‘आंबेडकर’. गुगल ही रूपं बऱ्यापैकी जुळवून घेतं, त्यामुळे एकाच पानावर पाच स्पेलिंगं कोंबायची गरज नाही. एकच शब्द पन्नास वेळा लिहिणं किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं, याला गुगल स्पॅम म्हणतं आणि पान खाली ढकलतं.

आता लिंककडे येतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथं आहे. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानांचं वजन ठरवायची एक रीत मांडली. एखाद्या पानाकडे किती लिंका येतात आणि त्या देणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावर त्या पानाचं वजन. आज गुगल इतर शेकडो गोष्टी बघतं, पण लिंक अजून मोजली जाते. ही रीत आपल्याला ओळखीची वाटायला हवी. ज्याला मोठ्यांची शिफारस, तो मोठा. मुलाखतीला गेल्यावर ‘कुणाच्या ओळखीने आलात?’ हा प्रश्न आपण ऐकलेला आहे. गुणवत्तेच्या नावाने मांडलेल्या रांगेत आधीच्या ओळखीपाळखी मिसळलेल्या असतात, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मग मोह होतो, की आपणही शिफारशी विकत घेऊ. ‘पहिल्या क्रमांकाची गॅरंटी, पाचशे लिंका अमुक रुपयांत’ असे मेसेज कोलकात्यात येतात तसे पुण्यातही येतात. गुगल स्वतः सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. विकतच्या लिंकांचं काय होतं तेही पाहा. २०११ साली जे. सी. पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानाच्या नावाने इंटरनेटभर पेरलेल्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीला आणल्या आणि गुगलने ते दुकान शोधात खाली फेकलं. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गुगलने काही दिवस शोधातूनच काढली होती, कारण ती मशीनला एक पान दाखवत होती आणि माणसाला दुसरं. त्या कंपन्या सावरल्या. वर्गणीतून चालणारी आपली वेबसाइट अशी पडली तर तिला उठवायला कोण येणार?

पण माझ्यासाठी पकडलं जाण्याची भीती हे दुय्यम कारण आहे. खोट्या शिफारशीने वर गेलेलं पान दुसऱ्या कुणाला तरी खाली ढकलतं. कदाचित ते त्या परभणीच्या मुलीला खरंच उपयोगी पडणारं पान असेल. खोट्या रांगेने आपल्या कितीतरी पिढ्या दाराबाहेर ठेवल्या. आपण तशीच रांग लावायची नाही.

खरी शिफारस मात्र मागावी, त्यात लाज नाही. ज्या वाचनालयाने तुमची यादी वापरली, ज्या प्राध्यापकाने तुमचा लेख वर्गात वाचला, ज्या वसतिगृहाच्या मुलांना तुमच्या पानाचा उपयोग झाला, त्यांना म्हणा, तुमच्या वेबसाइटवर आमची लिंक द्या. आणि आपणही एकमेकांची नावं घेऊया. दुसऱ्याचा मजकूर उचलून छापण्याऐवजी मूळ पानाची लिंक द्या. आपल्या वेबसाइटी एकमेकींकडे बोट दाखवतच नाहीत, हे मला फार खटकतं.

बाकीची कामं फुकटात होतात. प्रत्येक पानाला वेगळं, नेमकं शीर्षक द्या. माहिती कोणत्या तारखेपर्यंत तपासली आहे ते लिहा आणि बदललं की खरंच दुरुस्त करा. मजकूर न बदलता नुसती तारीख नवी टाकू नका. फोटोखाली आणि फोटोच्या पर्यायी मजकुरात त्यात काय आहे ते लिहा, कारण न दिसणारा वाचकही आपलाच आहे. पान स्वस्त मोबाईलवर उघडून बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गुगलचं माप आहे, तेव्हा पाच एमबीचं पोस्टर वर लावू नका. सर्च कन्सोल हे गुगलचं साधन मोफत आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले आणि कोणती पानं गुगलने घेतलीच नाहीत, हे तिथं दिसतं. या सगळ्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात.

आणि हे मशीन एका कंपनीचं आहे, हेही विसरू नका. ते नियम बदलतं. आता तर लिंकांच्या वरच तयार उत्तर देतं, तेव्हा वाचक आपल्या पानावर न येताच परत जातो. म्हणून व्हॉट्सअॅप गट, वसतिगृहाचा फळा, भीमजयंतीचा स्टॉल हे रस्ते सोडायचे नाहीत.

शेवटी एकच काम देतो. पान जोखताना लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभवही बघा, असं गुगलने २०२२ पासून आपल्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत घातलं आहे. या खोलीतल्या प्रत्येकाकडे तो अनुभव आहे. व्हॅलिडिटीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत तुम्ही गावी हिंडला आहात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभे राहिला आहात. बंगालमध्ये आल्यावर महाराष्ट्राचे कागद इथं कुठं चालतात आणि कुठं नाही, ते तुम्हाला कळलं आहे. फी घेऊन अर्ज भरणाऱ्यांकडे हे नाही.

यातला एक अनुभव निवडा आणि त्यावर एक पान लिहा. कोणता कागद, कुठल्या खिडकीवर, किती दिवस, कुठं अडलं, कसं सुटलं. युनिकोडमध्ये, साध्या मराठीत. पुढच्या महिन्यात भेटू तेव्हा इथं तेवढी पानं तयार हवीत.

जय भीम.