आधी पाहा, मग सुई

रात्री अंगठा आणि शेजारची बोटं मुंग्यांनी जागं करतात, हात झटकला की बरं वाटतं. हे दुखणं कार्पल टनेलचं, हे एव्हाना तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला एकच सांगायचंय. मनगटात सुई किंवा सुरी जाण्याआधी आत काय आहे ते सोनोग्राफीवर पाहून घ्या. सोनोग्राफी पोटाचीच असते असं नाही, मनगटाचीही होते.

परकराचा नेफा आठवा. मनगटातला बोगदा तसाच. खाली हाडं, वर जाड पट्टा, आतून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस, मीडियन नर्व्ह. नेफा दाटला की नाडी तोंडाशीच गोळा होते. नसेचंही तेच. दाब आत, सूज तोंडाशी. म्हणून मनगटाच्या घडीपाशी सोनोग्राफीचा प्रोब ठेवून नसेचा आडवा छेद मोजतात. साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेला की संशय बळावतो. ऑस्ट्रियातल्या डॉ. बुखबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९१ सालीच ही सूज सोनोग्राफीवर दाखवून दिली होती. तेव्हा हे नवं खूळ समजू नका.

पण नुसतं माप घेऊन भागत नाही. नाडी अडकली म्हणून कुणी लगेच नेफ्याला कात्री लावतं का? आधी चाचपतो. गाठ बसलीय, शिवण आवळलीय, की आत भलतंच काही गेलंय? मनगटातही तसंच. संधिवातात कंडरांच्या वेष्टनाला सूज येते. कुठे पाण्याची गाठ असते, कुठे जादा स्नायू. काहींची नस जन्मतःच दोन फाट्यांची असते आणि कधी सोबत जादा रक्तवाहिनीही असते. ती सुईच्या वाटेत आली तर? एनसीव्ही तपासणी नसेचं काम किती मंदावलंय ते सांगते, तिची गरज आहेच. नस का दबली, हे मात्र तिला सांगता येत नाही. आणि एक्स-रे काढून ‘सगळं नॉर्मल’ म्हणत घरी आलेल्या माझ्या तायांनो, एक्स-रेमध्ये नस दिसतच नाही!

स्टेरॉइडची सुई पडद्यावर पाहत पाहत देता येते. टोक कुठे आहे ते दिसतं, औषध नसेत न जाता नसेभोवती सोडता येतं. पुन्हा सांगते, आधी पाहा. ऑपरेशननंतर मुंग्या गेल्या नाहीत, तरीही पाहा. नसेवरचा जाड पट्टा पुरता सुटलाय का, ते कळतं. मात्र अंगठ्याच्या बुडाचं मांस झडू लागलं असेल, तर इंजेक्शनांवर दिवस काढू नका. ताबडतोब हाताच्या सर्जनकडे जा.

वेळ संपल्याची खूण होतेय. थायरॉइड आणि साखरेशी या दुखण्याचा संबंध सांगायचा राहूनच गेला. एवढं मात्र सांगते, गरोदरपणातल्या मुंग्या बहुतेकदा बाळंतपणानंतर ओसरतात. तिथे सुईची घाई नको. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधा. आणि हो, मनगटाची सोनोग्राफी त्या दिवसांतही निर्धास्त करता येते.