एक मत जास्त पडलं, तर?

आजचा विषय आयर्लंडचा. हे बेट पुन्हा एक व्हावं का, हा वाद आपण ऐकलेला असतो. पण ते ठरवायचं कसं, यावर फारसं बोललं जात नाही. आज तेवढंच बोलू.

१९२१ साली बेटाची फाळणी झाली. उत्तरेच्या सहा काउंटी ब्रिटनकडे राहिल्या, बाकी २६ पुढे स्वतंत्र झाल्या. सीमा अशी आखली की उत्तरेत प्रोटेस्टंटांचं बहुमत राहील. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तीसेक वर्षं तिथे हिंसाचार चालला, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. मग १९९८चा गुड फ्रायडे करार झाला.

करार सांगतो की एकीकरणाला उत्तरेतलं साधं बहुमत हवं, आणि दक्षिणेचीही संमती हवी. बहुमत एकीकरणाकडे झुकलंय असं ब्रिटनच्या संबंधित मंत्र्याला वाटलं, तर मतदान घ्यावंच लागतं. आता हे वाटायचं कशावरून? ते कायद्यात लिहिलेलं नाही.

२०२१च्या जनगणनेत उत्तरेत कॅथलिक किंवा कॅथलिक घरात वाढलेले ४५.७ टक्के निघाले, प्रोटेस्टंट ४३.५. म्हणजे बहुमत कुणाचंच नाही. आणि बघा, कॅथलिक म्हणजे एकीकरणाचं मत, असं सरळ गणित नसतं. उत्तरेत डॉक्टरकडे गेलं की पैसे पडत नाहीत, दक्षिणेत अनेकांना पडतात. पेन्शन कोण देणार, बेलफास्टची विधानसभा राहणार का, हेही प्रश्न आहेतच.

सीमस मॅलन हे स्वतः एकीकरणवादी आणि करारानंतरचे पहिले उपप्रथममंत्री. त्यांचं म्हणणं होतं की निम्म्यापेक्षा एक मत जास्त, एवढ्यावर भागणार नाही. दोन्ही समाजांनी ते स्वीकारायला हवं. भीती खरी आहे. उद्या ५१ विरुद्ध ४९ झालं, तर स्वतःला ब्रिटिश मानणारे लाखो लोक एका रात्रीत नको असलेल्या देशात जातील. शंभर वर्षांपूर्वी उत्तरेतल्या कॅथलिकांचं नेमकं हेच झालं होतं.

तरीही आकडा वाढवावा असं मला वाटत नाही. साठ टक्क्यांची अट घातली, तर एका बाजूच्या मताची किंमत दुसरीपेक्षा कमी होते. आणि करारातला शब्दही मोडतो. बदलायची आहे ती तयारी. ब्रेक्झिटच्या वेळी आधी मतदान झालं आणि बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय, यावर पुढे काही वर्षं भांडण चाललं. उत्तर आयर्लंडनं तर जवळपास ५६ टक्क्यांनी युरोपात राहण्याच्या बाजूनं मत दिलं होतं, तरी बाहेर पडावंच लागलं. तेव्हा आरोग्यसेवा, पेन्शन, झेंडा, ब्रिटिश ओळखीचे हक्क, सगळं आधी कागदावर यावं. मग लोकांना विचारावं.

अर्थात कागद असला की होकार मिळतोच असं नाही. सायप्रसमध्ये २००४ साली सविस्तर योजनेवर मतदान झालं. तुर्की सायप्रियटांनी ती स्वीकारली, ग्रीक सायप्रियटांनी ७६ टक्क्यांनी नाकारली. पण आपण काय नाकारतोय, हे त्यांच्यासमोर लिहिलेलं होतं. आयरिश मतदाराला निदान तेवढं तरी मिळावं.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.