कुरणाचें फाटक



ज्युबिलीच्या समयीं वडील मंडळींच्या तोंडीं जुन्या दिवसांच्या गोष्टी येणें साहजिकच होय. त्या गोष्टी कशा सांगाव्या, हें दूरच्या एका गांवाच्या उदाहरणानें आज आम्ही आपणांपुढें मांडूं इच्छितों.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत, जॉर्जिया राज्यांत, प्लेन्स नांवाचें सुमारें ६०० वस्तीचें गांव आहे. तेथें ता. १ ऑक्टोबर १९२४ रोजीं जिमी कार्टर ह्यांचा जन्म झाला. जवळच्याच आर्चरी ह्या वाडींत, वडिलांच्या शेतावर, ते वाढले. पुढें १९७७ ते १९८१ पर्यंत ते राष्ट्राध्यक्ष होते. व २००१ सालीं त्यांनीं आपल्या बालपणाचा वृत्तांत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला.

त्यांत गोडवा पुष्कळ आहे. उजाडण्यापूर्वीं एक तास जॅक क्लार्क हा कृष्णवर्णीय गडी शेतावरची मोठी घंटा वाजवी आणि सर्व माणसें कामास लागत. तांबड्या मातींत मुलें अनवाणी हिंडत. घरीं रॉकेलचे दिवे असत. वीज १९३८ सालीं आली. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांच्या पुड्या घेऊन लहानगा जिमी गांवांत विकावयास जाई. जॅकची पत्नी रेचेल हिनें त्यास मासे धरावयास शिकविलें. आईबाप परगांवीं गेले म्हणजे तो त्यांच्याच झोंपडींत निजे. त्याचे खेळगडीही बहुतेक कृष्णवर्णीय कुळांचीं मुलें होतीं.

परंतु कार्टर एवढेंच सांगून थांबत नाहींत. चौदा वर्षांच्या सुमारास एके दिवशीं दोघां सोबत्यांसह ते कुरणाच्या फाटकाशीं आले. सोबत्यांनीं फाटक उघडलें, आणि बाजूस सरून ह्यांस पुढें जाऊं दिलें. ह्यांस वाटलें, कांहीं थट्टा असावी. थट्टा नव्हती. कालपर्यंत बरोबरीनें भांडणारे मित्र त्या दिवसापासून गोऱ्या मालकाच्या मुलाशीं अदबीनें वागूं लागले. आगगाडींत डबे निराळे, सिनेमागृहांत जागा निराळ्या, हें तर पूर्वींपासूनच होतें. तें लहान जिमीस खटकत नसे.

१९६५ सालीं प्लेन्सच्या बाप्तिस्त मंडळींत कृष्णवर्णीयांस उपासनेस येऊं द्यावें कीं नाहीं, ह्यावर मतें घेतलीं गेलीं. कार्टर ह्यांनीं येऊं द्यावें असें सांगितलें; बहुमत विरुद्ध गेलें. १९७१ सालीं राज्यपालपद स्वीकारतांना वर्णभेदाचे दिवस संपले असें त्यांनीं उघडपणें जाहीर केलें. त्यांच्या मातोश्री लिलियन ह्या परिचारिका. आर्चरीच्या कृष्णवर्णीय घरांतील आजाऱ्यांची त्यांनीं शुश्रूषा केली होती. त्याच बाई १९६६ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, मुंबईजवळ विक्रोळीस सेवेसाठीं आल्या व १९६८ पर्यंत राहिल्या. कार्टर स्वतः ता. २९ डिसेंबर २०२४ रोजीं प्लेन्स येथेंच, शंभराव्या वर्षानंतर, निवर्तले. गांवावरचें त्यांचें प्रेम शेवटपर्यंत आटलें नव्हतें.

बंधुभगिनींनो, घंटा, शेंगा व मासे ह्यांच्या आठवणी खऱ्याच होत्या. पण फाटकाची आठवण गाळली असती तर तो वृत्तांत अपुरा राहिला असता. आमच्या वडील मंडळींसही आमची हीच विनंति आहे. विहिरी, वाड्या, सणवार ह्यांविषयीं नातवंडांस अवश्य सांगा. पण त्या विहिरीवर कोणास दूर थांबावें लागे, कोणाच्या घामावर ती वाडी पिके, हेंही त्यांस सांगा. म्हणजे आपल्या गांवावर तीं डोळस प्रेम करतील, आणि पुढें एखाद्या फाटकाशीं आलीं असतां सोबत्याचा हात धरून बरोबरच आंत जातील.