झाकण ज्वारीला, कमान कापसाला
(फर्दापूर येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही भावाबद्दल बोलणार नाही. भावाबद्दल बोलणारी आमच्याहून जाणती माणसं इथं बसली आहेत, ती बोलतीलच. आम्ही सात घरचे शेतकरी. सगळे कोरडवाहू, कापूस आणि ज्वारीवाले. सात जणांत मिळून एक पिकअप गाडी आहे. त्या गाडीच्या हौद्यावर आम्ही गुंडाळून उघडायचं झाकण बसवलं. बसवताना काय चुकलं, दोन हंगामांत त्याचा काय उपयोग झाला आणि कुठं झाला नाही, एवढंच सांगायला उभे राहिलो आहोत.

विषय लहान वाटेल. पण आपण बियाण्याचा हिशेब ठेवतो, खताचा ठेवतो, वेचणीची मजुरी तर तोंडपाठ असते. माल शेतातून निघाला की काट्यावर चढेपर्यंत रस्त्यात किती जातो, याचा हिशेब कुणी ठेवला आहे का? हंगामात जिनिंगच्या रस्त्याने जा. दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या दिसतात. त्या बाभळींना कापूस लागत नाही, बंधूंनो. तो तुमच्या-आमच्या गाडीतून उडालेला असतो.

आमच्या फर्दापूरला देशोदेशीचे लोक अजिंठ्याची लेणी पाहायला येतात. त्यांच्या गाड्या टी-पॉइंटवर थांबवतात आणि पुढं वेगळ्या बसने नेतात, लेण्यांना धूर लागू नये म्हणून. आतल्या चित्रांना ओल लागू नये म्हणूनही जपतात. जपलंच पाहिजे. पण त्याच रस्त्याने आपला कापूस उघडा जातो, त्याला ओल लागू नये म्हणून कुणी येणार नाही. ते काम आपलं आपल्यालाच करावं लागेल.

वरचं गाठोडं कुणाचं?

हे झाकण सुचलं कसं, ते आधी सांगतो. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, तो तुम्हाला आठवत असेल. आमची गाडी त्या दिवशी कापूस भरून रांगेत उभी होती. दोर बांधून ताडपत्री टाकेपर्यंत सर येऊन गेली. खालची गाठोडी बरी राहिली, वरचं भिजलं. वरचं होतं आमच्यातल्याच एका भावजयीचं. तिच्या घरी गडीमाणूस नाही. दिवसभर वेचून ती सगळ्यात शेवटी गाडीपाशी आली, म्हणून तिचं गाठोडं वर गेलं. आम्ही सहा जण संध्याकाळी पैसे मोजून घरी आलो, ती ओलं गाठोडं घेऊन आली. पत्र्यावर घालून वाळवलं तरी कापूस पिवळा पडायचा तो पडलाच. पुढं तो कवडीच्या भावाने गेला.

ती आम्हाला एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या खेपेला तिने आमच्या गाडीत माल टाकला नाही. दुसऱ्याची गाडी भाड्याने केली. आम्हाला ते लागलं. गाडी सात जणांची, मग पाऊस एकट्या तिचाच कसा? तेव्हा ठरलं की वर कुणाचंही गाठोडं असो, गाडी एका माणसाला दोन-चार मिनिटांत झाकता आली पाहिजे.

पहिली चूक

आमच्यातल्या एका पोराने मोबाइलवर अमेरिकेतली पिकअप दाखवली. हौद्याच्या दोन्ही काठांवर पट्ट्या, त्यांवर ताणलेलं सपाट कापड, ओढलं की केबिनकडे गुंडाळत जातं. दिसायला फार देखणं. २०२४ च्या पावसाळ्यात तसंच झाकण बसवून घेतलं. पहिली खेप ज्वारीची गेली. आमचा हौदा आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, काठ दीड फुटाचा. पन्नास किलोचे चोवीस कट्टे त्यात काठाच्या आत बसले. बारा क्विंटल ज्वारी, वर झाकण, वाटेत सर आली तरी एक दाणा ओला नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग कापूस आला. तोच हौदा काठापर्यंत तुडवून भरला तर अडीच क्विंटलसुद्धा बसेना. ज्वारी जड, कापूस हलका. एवढ्याशा मालासाठी डिझेल जाळणार कोण? जाळी लावून, उंच भरून, तुडवून आपण आठ क्विंटल नेतो, आणि सपाट झाकण तर काठावरच थांबतं. जिथं गरज होती तिथंच ते निकामी. नंतर कळलं की अमेरिकेतला कापूस पिकअपमधून जातच नाही. तिथं यंत्राने वेचतात, शेतातच त्याचे मोठे गठ्ठे करतात आणि ते झाकून मोठ्या गाडीने नेतात. तिथली पिकअप हत्यारं आणि घरचं सामान वाहते. आम्ही त्यांच्या गाडीची नक्कल केली, आमच्या मालाचा विचार केला नाही.

दुसऱ्यांदा काय केलं

दुसऱ्यांदा कापड केबिनकडे न गुंडाळता बाजूने गुंडाळायचं ठरवलं. डाव्या काठाला कापड पट्टीखाली आवळून पक्कं केलं. उजव्या टोकाला हौद्याएवढा लांब पाइप शिवला आणि पाइपाच्या मागच्या टोकाला फिरवायचा दांडा दिला. हौद्याच्या काठाला बाहेरून खोबणी बोल्टने बसवल्या. त्यांत तीन वाकवलेले पाइप, म्हणजे कमानी, उभ्या राहतात. कापूस असला की कमानी लावायच्या आणि कापड त्यांच्यावरून पलीकडे न्यायचं. ज्वारी असली की कमानी काढायच्या, उरलेलं कापड पाइपावरच गुंडाळलेलं राहतं. कडबा भरायचा असला की सगळं गुंडाळून बाजूला. कडब्याला झाकण आड येत नाही, हा गुंडाळीचा मोठा फायदा.

कापडाचं माप फुटपट्टीने घेऊ नका. कमानी उभ्या करा, जाळी लावा आणि एक दोरी या काठापासून वरून त्या काठापर्यंत टाका. तिच्या लांबीत दोन्ही बाजूंना एकेक वीत मिळवा. कापड काठाच्या खाली उतरलं नाही तर पाणी ओघळून आतच येतं. सपाट झाकताना मधोमध एक उभा पाइप टाका, म्हणजे दोन्हीकडे उतार मिळेल. नाहीतर पाण्याचं तळं साचतं आणि त्याच्या वजनाने कापड फाटतं.

बसवणाऱ्याने आमच्या हौद्याला भोकं पाडली आणि कापलेल्या कडांना रंग लावला नाही. सहा महिन्यांत गंज धरला. तुम्ही उभे राहून रंग लावून घ्या. आणि एक लक्षात ठेवा. काढता-घालता येणारी कमान वेगळी आणि हौदा कापून, वेल्डिंग करून गाडीचा आकार बदलणं वेगळं. तसा बदल करण्याआधी आरटीओला विचारा. माल बाजूला किंवा ठरल्यापेक्षा उंच गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे वीस हजारांचा दंड आहे. आठ क्विंटल कापसातून तो भरून निघायचा नाही.

पारख कशी केली

बसवून झाल्यावर आम्ही रिकाम्या हौद्यात जुनी वर्तमानपत्रं अंथरली, झाकण लावलं आणि फवारणीच्या पंपाने वरून, पुढून, बाजूने पाणी मारलं. पंप आधी तीनदा धुऊन घेतला होता. झाकण काढून पाहिलं, तर केबिनकडचे दोन कोपरे ओले. गाडी चालताना पाऊस समोरूनच मारतो, म्हणजे खऱ्या पावसात तिथूनच पाणी शिरलं असतं. तिथं पुढून पडदा शिवला, खाली ट्यूबचं रबर लावलं आणि पुन्हा पंप मारला. तेव्हा कागद कोरडे निघाले.

मग अजिंठ्याच्या घाटात चढ-उतार करून पाहिलं. कापड फडफडायला लागलं. फडफडणारं कापड एका हंगामात शिवणीत फाटतं. म्हणून दर दोन फुटांवर आवळायचे पट्टे लावले. आता दोराच्या ताडपत्रीला दोन माणसं आणि पंधरा-वीस मिनिटं लागत होती, तिथं एक माणूस चार-पाच मिनिटांत गाडी झाकतो. मोंढ्यात आणखी एक सोय कळली. भुरभुर चालू असताना मागचं दोन हात उघडायचं, नमुना दाखवायचा, पुन्हा खाली.

हिशेब

आता पैशाचं बोलू. सीसीआय आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते. त्यापुढं दर टक्क्याला भावातला एक टक्का कापते आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एक टक्का ओलाव्याचे ८१ रुपये. बारा टक्के निघाला तर क्विंटलमागे ३२४ रुपये, आठ क्विंटलच्या गाडीला जवळजवळ २,६०० रुपये. बारावर काटा सरकला तर गाडी परत, भाडं अंगावर.

दहा टक्क्यांचा कापूस तेरावर जायला पाणी किती लागतं? आठ क्विंटलला सत्तावीस-अठ्ठावीस लिटर. दोन हंडे समजा. आमच्या हौद्याएवढ्या जागेवर सात मिलिमीटर पाऊस पडला की तेवढंच पाणी पडतं. सात मिलिमीटर म्हणजे अवकाळीची एक सर. एवढ्यावर वर्षाची मेहनत अडते.

झाकणाला खर्च किती आला, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. सिल्लोडला एक भाव, जळगावला दुसरा, आणि कापडाच्या जाडीवर तिसरा. तुमच्या गावात जो आकडा सांगतील त्याला वरच्या २,६०० ने भागा. किती ओल्या खेपा वाचल्या म्हणजे पैसे फिटतात, ते तुमचं तुम्हाला दिसेल. वर्षाला दोनच खेपा असलेल्या एकट्या शेतकऱ्याने या भानगडीत पडू नये. चांगली ताडपत्री आणि दोर त्याला पुरे. पाच-सात घरं मिळून असतील तर विचार करा. आम्ही खर्च माणशी वाटला नाही, गेल्या हंगामात ज्याने जेवढे क्विंटल गाडीत टाकले त्या प्रमाणात वाटला. त्यामुळे लहान शेतकऱ्यावर मोठ्याचा भार पडला नाही.

झाकण काय करत नाही

झाकणाने ओला कापूस वाळत नाही. सकाळच्या दवात वेचलेला कापूस झाकून ठेवला तर आत वाफ धरते आणि तो आणखी बिघडतो. दव उडाल्यावर वेचा, वाळवून भरा. आणि वजनासाठी कापसावर पाणी मारणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी आमच्याकडे झाकण नाही. एकाने पाणी मारलं की व्यापारी सगळ्या गावाच्या मालाला ओला म्हणतो.

प्लॅस्टिकची विणलेली स्वस्त ताडपत्री उन्हाने कुजते आणि तिचे निळे-पिवळे धागे कापसात उतरतात. ते जिनिंगमध्ये निघत नाहीत, सुतात जातात, कापडावर रंग धरत नाहीत. मग आपल्या मालाला कचरा म्हणतात. झाकणाच्या आतून जुनं पांढरं सुती धोतर अंथरा. रंगीत लुगडं नको, त्याचाही धागा निघतो. आणि झाकलेल्या कापसाजवळ बिडी नाही म्हणजे नाही. कापूस आतून धुमसतो, बंद झाकणाखाली धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पूर्वी एकाधिकार खरेदीच्या काळात आपल्या वाडवडिलांनी बैलगाड्या लावून केंद्रावर रात्री काढल्या, माल दवात पडून राहिला. तेव्हा सुटकाच नव्हती. आता माल कधी न्यायचा आणि कसा न्यायचा, एवढं तरी काही अंशी आपल्या हातात आहे.

गेल्या हंगामात आमची भावजय पुन्हा आमच्या गाडीत आली. गाठोडं वर ठेवायचं की खाली, हे तिने विचारलं नाही. दांडा मात्र स्वतः फिरवून पाहिला, पट्टे ओढून पाहिले, मगच गाठोडं दिलं. आमच्या झाकणाची खरी पारख तीच होती.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. सभा संपल्यावर या, उघडून बघा, चुका काढा. माप घ्यायची दोरी आम्ही बरोबर आणली आहे.