ओसरीवरून माजघरात



परदेशी शिक्षण म्हटले की आपली दृष्टी थेट नामांकित विद्यापीठाच्या महाद्वाराकडे जाते. कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या शिक्षण-आराखड्यात आणखी एक वाट रुळवली : पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, पुढली दोन सार्वजनिक विद्यापीठात. ओसरीवरून माजघरात जावे, तशी.

माझ्या एका विद्यार्थ्याची कन्या या वाटेने गेली. विद्यापीठात तिसऱ्या वर्षी प्रवेशासाठी साठ सेमिस्टर-श्रेयांक लागतात. तिने ते पुरे केले. परंतु निवडलेल्या शाखेचे दोन पूर्वविषय राहून गेले आणि एक वर्ष वाया गेले. परदेशी विद्यार्थ्याला शुल्क अनिवासी दराने पडते; पित्याने घर गहाण टाकले. तिने मला लिहिले, ‘सर, मी श्रेयांक मोजले, जुळवले नाहीत.’

कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोठे ग्राह्य, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर खुले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो सोडून सहा संकुले ठरावीक अटींवर प्रवेशाची हमीही देतात; मात्र सर्वच शाखांना नव्हे. म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच : माजघराचे नियम ओसरीवर पाऊल ठेवण्यापूर्वी वाचावेत.